वरच्या मजल्यावरचे काका आणि त्यांचा लव्हाळा

लव्हाळ्याला कुणी गवत म्हटलं की ज्याचा जीव दुखावतो असा माणूस साऱ्या जगात एकच, आणि तो नोएडात आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले हे काका. माळी लव्हाळ्याला मोथा म्हणतो आणि दिसला की उपटतो; म्हणून सोसायटीच्या बागेतला नळाजवळचा ओला कोपरा काकांनी भांडून मिळवलेला. तिथून जाणाऱ्याची सुटका नसे. "बघू नकोस, डोळे फसवतात. बोटांत फिरव! गवताची काडी गोल, तिला पेरं असतात. याला पेर नाही, आणि धारा तीन. आता म्हण गवत!" दिल्लीत वाढलेली माझी मुलगी एकदा बोलून गेली, "पण काका, दिखता तो घास जैसा ही है ना!" काका कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

एकदा आम्ही मराठी मंडळी बस करून पानिपतला गेलो. युद्धाच्या स्मारकाशी सगळे गंभीर उभे, आणि काका मात्र कडेच्या ओलीत मान खाली घालून बसलेले. त्यांना गहिवरून आलं असं समजून कुणी पाण्याची बाटली पुढे केली, तर त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने काडी दाखवली. "मराठ्यांचे घोडे इथे चरले, तेव्हाही हा असणार!"

दिवाळीआधी ते लव्हाळ्याच्या मुळांच्या काळ्या गाठी खणत, वाळवून कुटत आणि घरोघर उटणं वाटत. करोल बागेतलं तयार उटणं त्यांच्या मते नुसतं डाळीचं पीठ. काकांच्या उटण्याचा वास आला की आमची नोएडातली बाथरूम घटकाभर माझ्या आईच्या न्हाणीसारखी वाटे.

गेल्या दिवाळीत उटणं आलंच नाही. मधुमेहाने काकांची बोटं बधिर झाली होती, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कोपरा साफ करताना त्यांनी चाचपून गवत राखलं आणि लव्हाळा मुळासकट काढायला लावला. माळ्याने सांगितलं तसं केलं. काका मग बागेत उतरेनासेच झाले. बाग सुनी वाटायची, आणि मला त्यांची फार आठवण यायची.

यंदा पाऊस पडल्यावर मातीत राहिलेल्या गाठींतून कोपरा पुन्हा हिरवा झाला. परवा काकांनी मला खाली बोलावलं. माळी खुरपं घेऊन उभाच होता. काकांनी एक काडी माझ्या हातात दिली.

"तू सांग. मला आता कळत नाही."

मी काडी फिरवली. "तीन आहेत, काका."

"नक्की?"

"बिल्कुल."

माझ्याकडे बोट दाखवत ते माळ्याकडे वळले. "अब से मॅडम जो बोलेंगी, वही रखना."

काका हात मागे बांधून सावकाश लिफ्टकडे निघाले.