शिंपडलेली पानं

माई तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या पानांवर पाणी शिंपडलं.

पानं ओटीवर वाळत होती. डोंबिवलीतल्या त्यांच्या महिला मंडळाचा हस्तलिखित दिवाळी अंक. एकच प्रत, ती सभासदांच्या घरोघर फिरायची. कविता, लेख बायकांचे आणि अक्षर माझं. मी कल्याणच्या रेल्वे लाइनीतली महाराची पोर, बाप लोको शेडमध्ये कोळसा उचलायचा. सातवी पास झालेले. शाळेतल्या बाईंनी माझी वही माईंना दाखवली. माई मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना अक्षर फार आवडलं. अक्षराला विटाळ नसतो ना, तो हाताला असतो. म्हणून हात ओटीवर बसवला. कागद दूर ठेवायचे, मी सरकून घ्यायचे. पाणी मागितलं तर वरून ओतायच्या.

आणि पानं आत न्यायच्या आधी हे शिंपडणं.

शाई पुडीची, पाण्यात कालवलेली. थेंब पडले तशी पसरली. पहिलीच कविता माईंची होती, पहाट की उषा असलं काहीतरी. तिचं निळं डबकं झालं. एवढं वाचलेल्या बाया, ओल्या शाईवर पाणी टाकलं की काय होतं तेवढं कळू नये? कळलं, पण बोट माझ्याकडेच. माई म्हणाल्या, "शाई पातळ केलीस तू."

मी सगळं पुन्हा लिहून दिलं. पुढच्या वर्षी त्यांनी अक्कल चालवली. पाणी बंद, आता ऊन. माझी पानं दिवसभर अंगणात, वर खडे ठेवून, पापडांसारखी. ऊन खाल्लं की माझा हात त्यातून निघून जायचा म्हणे.

मी का जायचे? मला शेवटचं एक पान हवं होतं. माझं लिहिलेलं, खाली माझं नाव. माई दरवर्षी म्हणायच्या, बघू हं. अंक निघायचा आणि शेवटच्या पानावर चिवड्याची कृती. तीही मीच लिहिलेली असायची, सुवाच्य अक्षरात. आजही चिवडा बघितला की माझं डोकं तडकतं.

डाग पडलेली पानं मी घरी आणलेली. आईने ती ट्रंकेत घालून ठेवली. म्हणाली, "तू पुन्यांदा लिव्हशील. पर त्या ओटीवर नगं." तेव्हा मी ऐकलं नाही. अजून दोन दिवाळ्या मी जात राहिले, मग तो रस्ता सोडला.

पुढे मास्तरीण झाले. संध्याकाळी लाइनीतल्या बायका माझ्या खोलीत जमायच्या. अक्षरं शिकता शिकता आम्ही पुस्तकंच करायला लागलो. एकीने सांगायचं, दुसरीने चित्र काढायचं, जिला जमेल तिने लिहायचं. पान या हातातून त्या हातात फिरायचं. गोधडीच्या दोऱ्याने शिवायचं आणि मागे सगळ्यांची नावं. सिलोनची एक शिक्षिका शाळा बघत फिरत होती, ती आमच्या चटईवर दुपारभर बसली. घरी गेली आणि तिकडून बोलावणं धाडलं. या, आमच्या शिक्षकांना असं मिळून पुस्तक करायला शिकवा. शिबिराच्या प्रमुख तुम्ही.

मी प्रमुख! आईला सांगितलं तर ती चुलीपुढून उठलीच नाही. रडत होती.

बातमी डोंबिवलीला पोचली. लगेच मंडळाने निरोपसमारंभ ठेवला. या वेळी मला आत नेलं. खुर्ची दिली. शिवाशिवीविरुद्ध कायदा झालेला होता, शिवाय मी परदेशी निघाले होते. पाठीमागे कुणी कुजबुजलं, लंकाच ना, विलायत थोडीच आहे. माईंनी माझ्या अक्षरातला एक जुना दिवाळी अंक टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा तिकडे दाखव. ही पद्धत आमच्या मंडळाची, तू इथेच शिकलीस, असं सांग."

मला हसूच आलं. मी विचारलं, "माई, उन्हात वाळवलेला नेऊ, की पाणी शिंपडलेला?"

माई म्हणाल्या, "किती जुनं उगाळतेस अगं."

"अंक राहू दे तुमच्यापाशी," मी म्हटलं. "पानं आहेत माझ्याकडे."

निरोपाचा दिलेला नारळ तिथेच ठेवून मी उठले. चहासुद्धा घेतला नाही.

मद्रासची गाडी, मग दुसरी गाडी, मग बोट. शिबीर एका शाळेत. पहिल्याच दिवशी सगळ्यांना चटईवर बसवलं आणि पान फिरवायला लावलं. तिथेही एक माई निघाली, फक्त पुरुषाच्या वेशात. चांगला कोटबिट घातलेला मास्तर. शेजारी चहामळ्यातली, मजुरांच्या पोरांना शिकवणारी बाई बसलेली. तिच्या हातातलं पान तो घेईना. म्हणाला, खाली ठेव, मी उचलतो. दुभाषी बाईने खाली मान घालून मला ते सांगितलं.

समुद्र ओलांडला, पण हे काही संपलं नव्हतं.

मी काम थांबवलं. आईच्या ट्रंकेतून बरोबर आणलेली डागाळलेली पानं मधे मांडली. हे पाणी कुणी टाकलं आणि का टाकलं, ते सांगितलं. मग मास्तराला म्हटलं, "पान हातातून घ्यायचं. नाहीतर या पुस्तकात तुमचं नाव नाही."

तो उठला, कोट झटकला, गेला. पुन्हा आला नाही. पुस्तक त्याच्यावाचून झालं. चहामळ्यातल्या बाईने मागच्या पानावर आपलं नाव लिहिलं, मोठं, ओळीबाहेर जाणारं. खाली मी माझं लिहिलं.

परत आले तर शिबिरातली हकीकत माझ्याआधी डोंबिवलीला पोचलेली आणि माईंचा निरोप हजर. परमुलखात आमची लाज काढलीस. मागोमाग दुसरा निरोप, दिवाळी जवळ आली, आता आपल्यात तसलं काही राहिलेलं नाही, ये, आत बसून लिही, शेवटचं पान तुझं.

मी गेले नाही, जाणारही नाही. ते शेवटचं पान त्यांनी चिवड्यालाच द्यावं. माझं अक्षर ज्याला वाचायचं असेल त्याने आमच्या लाइनीत यावं, चटईवर बसावं आणि पान माझ्या हातातून घ्यावं. नसेल जमत तर वाचू नये.