लांबचा खुंटा

कुणाच्याही गोठ्यात शिरण्याआधी किसनतात्या चुन्याच्या पाण्यात पाय बुडवत. स्वतःच्या गोठ्यातसुद्धा. देवळात तरी एवढे पाय धुता का, म्हणून लोणी गावात आम्ही त्यांची थट्टा करायचो. पण गायी घ्यायच्या ठरल्या की तात्यांशिवाय कुणाचं पान हलत नसे.

मी दूधधंदा काढायचं म्हटल्यावर त्यांनी महिनाभर गायीचं नावच काढू दिलं नाही. "आधी घास लाव, मुरघास भर. गाय काय, पैसं टाकलं की मिळती. वैरण रोज लागती, राव." मग विकणाऱ्याच्या दारात मुक्काम ठोकून त्यांनी दोन्ही वेळच्या धारा डोळ्यांनी पाहिल्या आणि मला तीन गायी घेऊन दिल्या. "एकवीस दिस लांबच्या खुंट्याला बांध, रोग आसंल तर तवर दिसंल. नवी गाय कुणाची का आसंना." मी ऐकलं.

त्याच आठवड्यात त्यांची लेक सुमन माहेरी आली. नवरा वारला होता, आणि सासरच्यांनी तिला पांढऱ्या पायाची ठरवून तिच्या एकुलत्या गायीसकट टेम्पोत घालून पाठवलं होतं. तात्यांनी गायीचा खूर उचलला. बेचक्यात ओली जखम होती.

"खडा लागला आसंल, बाबा," सुमन म्हणाली.

ती घरात गेल्यावर मी हळूच विचारलं, "तात्या, लांबचा खुंटा?"

"माहेरवाशिणीची गाय लांब बांधू व्हय? पोरीला लांब ठेवणारं लई झालं आता."

त्यांनी गायीला हळदकुंकू लावलं आणि आपल्या दावणीच्या पहिल्या खुंट्याला बांधलं.

पंधरा दिवसांत लाळ-खुरकुताने तात्यांचा गोठा बसला. वासरं एकामागून एक दगावली. गायी जगल्या, पण दुधावरून कायमच्या उतरल्या. "माझ्याच पायानं आलं का हे?" म्हणून सुमन दारात बसून रडू लागली, तेव्हा जमलेल्या लोकांसमोर तात्या म्हणाले, "तुझा काय संबंध? बाजारातनं आलो आन् पाय न धुताच गोठ्यात शिरलो. माझी चूक हाय."

जन्मभर चुन्यात पाय बुडवणाऱ्या माणसाबद्दल गावाने हे लगेच खरं मानलं, याचा मला अजून राग येतो. त्यानंतर गायी घ्यायला त्यांना कुणी नेलं नाही. मला मात्र त्यांनी बजावलं होतं, "तू बोलू नगंस." माझ्या गोठ्यातही ते पुन्हा आले नाहीत. बांधावर उभे राहून वैरणीची चौकशी करायचे आणि जायचे.

गेल्या वर्षी तात्या गेले. दहाव्याला नदीवर सुमन माझ्याजवळ आली.

"बाबांनी तेवढं एकदा पाय धुतलं असतं, तर गोठा राहिला असता न्हाई का, भाऊ?"

मी हो म्हणालो.