वगळलेलं विधान

किनवटकडच्या इस्लापूरहून नांदेडला शिकायला आलेल्या सिंधूनं सगळ्यात आधी आपली भाषा बदलली. वर्गात तिच्या तोंडून "लई" गेलं की मुली एकमेकींकडं बघायच्या. मग सिंधू बातम्या ऐकून बोलायला शिकली, जड शब्द पाठ केले, आईचा फोन आला की तो घेऊन गच्चीवर जाऊ लागली. एम.ए. मानसशास्त्राला ती पहिली आली, तेव्हा तिची भाषा ऐकून ती किनवट तालुक्यातली आहे हे कुणी ओळखलं नसतं.

पुढं मडिवाळप्पा सरांच्या हाताखाली तिचं संशोधन सुरू झालं. लातूरला शिकवण्यांसाठी खेड्यांतून येणाऱ्या मुलींच्या मनावर किती ताण असतो, हे मोजणारी एक प्रश्नावली सरांना तयार करायची होती. कामाला दोघी होत्या. सिंधू आणि लातूरची पुनम. पुनमचे वडील डॉक्टर, शाळा इंग्रजी, शेतात पाय ठेवायचा तो हुरड्यापुरता.

प्रश्नावलीत मुलींनी "पटतं", "पटत नाही" किंवा "सांगता येत नाही" अशी खूण करायची विधानं असतात; दोघींनी ती वेगवेगळी लिहून आणली. सिंधूनं ग्रंथालयात बसून लिहिली, पुनमनं लातूरच्या वसतिगृहांत मुलींशी गप्पा मारून. सरांनी पुनमचं एक विधान मोठ्यानं वाचलं. "घरून फोन आला की उचलू वाटत न्हाई."

"याला म्हणतात विधान," सर म्हणाले. "सिंधू, बघ. जिवंत भाषा आहे."

सिंधूचे कान तापले. जी बोली तिनं जिभेवरून खरवडून काढली, तिच्यावर ही डॉक्टरची पोरगी शाबासकी मिळवत होती. पुनम "न्हाई" म्हणाली तर ती जिवंत भाषा, आणि सिंधू म्हणाली तेव्हा ते गावंढळ. त्या दिवसापासून पुनमचं हसणं, तिची स्कूटी, सरांना सरळ फोन लावायची तिची सवय, सगळंच सिंधूला टोचू लागलं.

पहिली चाचणी नांदेडच्याच मानसशास्त्राच्या मुलींवर झाली. आकडेमोड सिंधूकडं होती. घटक विश्लेषणाला, म्हणजे कोणती विधानं एकत्र येऊन एक गट करतात हे तपासायला बसण्याआधी, कमजोर आणि दुबार विधानं काढून टाकावी लागतात. त्यात एक जोडी सापडली. पुनमचं ते फोनचं विधान आणि सिंधूचं "पालकांशी संवाद साधताना मला भावनिक अवरोध जाणवतो." दोन्हींची उत्तरं इतकी सारखी होती की एकच ठेवणं भाग होतं. बाकीच्या विधानांशी पुनमचं जास्त जुळत होतं. ठेवायचं ते तेच, हे सिंधूला स्पष्ट दिसत होतं.

तिनं स्वतःचं ठेवलं.

सरांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. पुनमनं विचारलं, "माझं फोनचं गेलं का गं?"

"दुबार होतं."

"बरं," एवढंच पुनम म्हणाली. ती भांडली असती तर सिंधूला बरं वाटलं असतं.

मुख्य चाचणी लातूरच्या वसतिगृहात झाली. रेणापूरकडच्या गीतांजली नावाच्या अकरावीच्या पोरीनं हात वर केला. "मॅडम, अवरोध म्हंजे रेंज नसणं का?"

मुली हसल्या. विधानाचा अर्थ समजावून सांगायचा नाही असा नियम होता. सिंधू म्हणाली, "तुला जसं समजतंय तशी खूण कर." कागद गोळा करताना तिनं बघितलं, त्या विधानापुढं बहुतेकींनी "सांगता येत नाही"वर खूण केली होती. पुनमही शेजारी उभी राहून तेच बघत होती.

विश्लेषणात सिंधूचं विधान कुठल्याच गटात बसेना. घराविषयीची मग दोनच विधानं उरली. सर म्हणाले, "दोन विधानांवर घटक उभा राहत नाही. निदान तीन लागतात. घराचा घटक काढून टाकू."

म्हणजे ही प्रश्नावली भरणाऱ्या कुठल्याच मुलीला घराबद्दल काही विचारलं जाणार नव्हतं. गच्चीवर जाऊन आईशी दबक्या आवाजात बोलणारी सिंधू गप्प बसू शकली असती. पण तिच्या तोंडून निघालंच. "सर, चूक माझ्याकडून झाली. पुनमचं विधान जास्त चांगलं होतं. मी मुद्दाम काढलं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "का?"

"मला सहन न्हाई झालं, सर."

पुनम खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला माहीत होतं. आकडे मीपण बघितले होते."

"मग बोलली का न्हाईस?" सिंधूनं विचारलं.

"तू कुठपर्यंत जातीस ते बघत होते."

हे ऐकून सिंधूची शरम निम्मी झाली आणि राग दुप्पट. पण चूक तिची होती. दुसऱ्या मुलींवर चाचणी पुन्हा घ्यायला ती एकटी लातूरला गेली. फोनचं विधान परत आलं, तशी घराची तिन्ही विधानं एका गटात येऊन बसली. त्यात सगळ्यात भक्कम ठरलं ते पुनमचंच. शोधनिबंध छापून आला तेव्हा पुनमचं नाव पहिलं होतं. सिंधूनं पेढे वाटले, आणि स्वतःच्या वाट्याचा पेढा काही तिला गोड लागला नाही.

आता ती बिलोलीच्या कॉलेजात शिकवते. परवा पुनमचा फोन आला. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी नवी प्रश्नावली करायची आहे, येतेस का, म्हणून.

"येते," सिंधू म्हणाली. "पण पहिली विधानं मी लिहिणार. ग्रंथालयात बसून न्हाई. तू तुझी मागून लिही."

"आणि माझी चांगली निघाली तर?"

"तर लई जळंन मी. पण ठेवीन."