कुंचीची शेवटची ओळ

“हालू नका! जे जिथं हाये थे तिथंच उभं राहा!” माझा धाकटा भाऊ विलास दारातून ओरडत होता.

घरात साप वगैरे निघाला नव्हता. बारसं चाललं होतं. पाळणा, पाळण्याचा दोर, बाळाची मावशी आणि मी, अशा सगळ्यांना मिळून एकाच पिवळ्या लोकरीचे वेढे बसले होते. त्या लोकरीचं एक टोक बाळाच्या कुंचीत होतं आणि दुसरं माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. त्यामुळे गुन्हेगार कोण, हे शोधायला पंचनामा करावा लागला नाही.

मी विणकाम करते. करते म्हणजे सुरू करते. आमच्याकडे थंडी ती किती? दिवाळीनंतर येते, संक्रांतीचा तिळगूळ खाते आणि जाते. तेवढ्यात माणसानं एक स्वेटर विणावा. मी आठ विणते, प्रत्येकी पाव. मानोऱ्याला आमच्या घरी दिवाणाखाली एक पेटी आहे. तिच्यात नवऱ्याच्या स्वेटरची पाठ आहे, पोट नाही. सासूबाईंची शाल आहे, ती अजून रुमालाच्या वयात आहे. एक बाही आहे, ती कुणाची हे आता बाहीलाही आठवत नसावं. पण यात माझा दोष नाही. अर्धवट विणकाम म्हणजे घरची भाजी-पोळी आणि नवी लोकर म्हणजे शेजारून आलेली झाकलेली वाटी. झाकण उघडून पाहिल्याशिवाय कुणाला राहवतं, सांगा!

बाजारात लोकर विकणारे रफीकभाई तर हल्ली मला लांबून पाहिलं की नव्या रंगांवर पोतं टाकतात (थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच). लोकर मागितली की म्हणतात, “ताई, पयलेवालं पुरं झालं का?” दुकानदारच असं विचारायला लागला, म्हणजे गिऱ्हाईक किती हाताबाहेर गेलंय ते समजा.

तर, रिठदला विलासच्या घरी पाळणा हलणार असं कळलं आणि त्याच दिवशी मी जाहीर केलं की बाळाची कुंची मी विणणार. हक्कच आहे तो आत्याचा. कुंची आत्याची आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं तेही आत्यानंच. पण भावजयीची बहीण वंदना, राहणार कारंजा, हिला हे मान्य नव्हतं. तिनं फोनवर शोधून शोधून एक नाव काढलं होतं: झियांश. आमच्या मायनं ते तीन दिवसांत तीन प्रकारे म्हणून पाहिलं आणि चौथ्या दिवशी सोडून दिलं. मी काढलं होतं माधव. बांधावर उभं राहून हाक मारली तर तुरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं नाव. (त्याचं पुढं ‘माध्या’ होणारच, पण झियांशचं काय होईल याचा विचारही करवत नव्हता.)

दोन बायकांच्या मध्ये सापडलेल्या विलासनं शेवटी निकाल दिला. “ताई, बारशाले कुंची पुरी करून आणली त नाव तू ठेवाचं. अर्धी आणली त वंदना ठेवीन. मंग माह्यापाशी रडाचं नाही.”

सख्खा भाऊ! ज्याच्या कॉलेजच्या मफलरला मी अजून झालर लावतेच आहे, तो असं बोलला.

मी पेटून उठले. डोक्याकडून सुरुवात केली, गळ्याशी पांढरी रिबीन ओवली आणि खाली पाठीवरून पायापर्यंत विणत सुटले. मध्येच सशाच्या कानांची एक टोपी सुरू केली, पण ती मोजू नका. एक गोधडीएवढं पांघरूणही सुरू केलं, तेही मोजू नका. तरी बारशाच्या सकाळी कुंचीची शेवटची एक ओळ आणि टाके बंद करणं एवढंच उरलं होतं. अर्ध्या तासाचं काम. रिठदला मोटारसायकलवरून जाताना वाटेत चहाला थांबलो की होऊन जाईल, असा माझा हिशेब होता.

चहाला थांबलो. पिशवीत हात घातला, तर हाताला हिरवी लोकर लागली. बरं, आदल्याच रात्री मी बोरांसारख्या गोल गोंड्याच्या मोज्यांचा व्हिडिओ पाहिला होता. पिवळ्या कुंचीवर हिरवे मोजे! माझ्या अंगावर काटाच आला. म्हटलं, दहा टाके घालून तर बघू.

मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून विणता येतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. येतं. फक्त नवऱ्याच्या पाठीला अधूनमधून सुई लागते आणि गाडी आपोआप हळू होते. रिठद आलं तेव्हा माझ्याकडे पाऊण हिरवा मोजा तयार होता आणि कुंची होती तिथंच होती.

उतरते न उतरते तोच बायकांनी मला आत ओढलं. पाळणा सजला होता, वंदना अंगभर नटून आणि कोपरापर्यंत बांगड्या भरून तयार उभी होती. तिच्या हातात दुकानातली मखमली कुंची होती. कुंची नव्हती ती, तलवार होती.

“आणली का व?” मायनं विचारलं.

“आणली,” मी म्हटलं. आणि तिथंच मी तो निर्णय घेतला, जो फक्त कलावंतच घेऊ शकतो. सुई काढली, उघडे टाके काठाच्या आत दुमडले आणि कुंची बाळाला घातली. लोकर मात्र तोडली नाही. तोडली असती तर नंतर गाठ मारावी लागली असती आणि गाठीनं काम दिसायला बिघडतं. गुंडा पिशवीत ठेवला, पिशवी खांद्याला लावली. कार्यक्रम आटोपला की कोपऱ्यात बसून ओळ पूर्ण करायची. कोणाला काय कळतं!

कळायला बाळाचं ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ सुरू व्हावं लागलं. बाळ मी पाळण्याखालून वंदनाला दिलं, तिनं पाळण्यावरून मला. पुन्हा खालून, पुन्हा वरून. प्रत्येक फेरीला लोकरीचा एक वेढा पाळण्याला बसत होता आणि बायका गाण्यात दंग होत्या. पुढच्या फेरीला लोकर पाळण्याच्या दोरावर चढली. त्याच्या पुढच्या फेरीला वंदनाच्या बांगड्यांत शिरली. शेवटच्या फेरीनंतर मी सरकायला गेले तर पाळणा माझ्याबरोबर निघाला, आणि पाळण्याबरोबर वंदना.

विलास ओरडला तो तेव्हा.

बाळ सुखात होतं. सगळा घोळ त्याच्या पायाखालच्या काठाशी, त्यामुळे त्याला कुठं काचत नव्हतं. जन्मल्यापासून घर डोक्यावर घेतलेलं ते पोर गाढ झोपलं होतं. कुणीतरी कात्री आणायला धावलं, तशी माय कडाडली, “लेकराच्या पाळण्यापाशी कातर आणाची नाही!” झालं. आता सुटायचं कसं?

“जसं आलं तसं वापस न्या,” विलास म्हणाला. “उलटं घ्या.”

मग आमच्या खानदानात पहिल्यांदाच उलटं बारसं झालं. आधी गोपाळ परत, मग गोविंद परत. वेढे सुटायला लागले, मी सुटकेचा श्वास घेणार, इतक्यात दिसलं की लोकर वंदनाच्या बांगड्यांत पक्की बसली आहे. तिनं हात मागं घेतला की कुंचीची एक ओळ सर्रकन उसवायची. हात मागं, ओळ गेली. हात मागं, ओळ गेली. कुंची पायापासून गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून कमरेवर. (आणि वंदना हात जरा जास्तच मागं घ्यायला लागली होती, हे माझं आजही ठाम मत आहे.) माझ्या डोळ्यांदेखत चार महिन्यांची मेहनत तिच्या मनगटाभोवती गोळा होत होती आणि माझ्या कानात कुणीतरी ‘झियांश, झियांश’ म्हणत होतं.

पाळणा मोकळा झाला तेव्हा कुंची पाठीवरून पार वर गेली होती. शेवटचा झटका बसला आणि उसवण गळ्याशी येऊन थांबली. पांढऱ्या रिबिनीनं ती अडवली होती.

वंदना मनगटावरची लोकर सोडवत गोड आवाजात म्हणाली, “ताई, कुंची कुठी गेली व? हे त टोपरं हाये.”

माझं डोकं आयुष्यात एवढ्या वेगानं कधी चाललं नसेल. उघड्या टाक्यांतून मी लोकर ओवून घेतली, गाठ मारली (हो, गाठ!) आणि दातांनी धागा तोडला.

“टोपरं त टोपरं,” मी विलासला म्हटलं. “पुरं हाये का नाही, थे सांग.”

विलासनं बाळाच्या डोक्यावरचं टोपरं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. काठ ओढून पाहिला. सोयाबीन विकत घेणारा व्यापारीही इतकं पारखून घेत नाही. माझा जीव रिबिनीत अडकला होता.

“पुरं हाये,” तो म्हणाला, आणि त्याचा स्वतःच्याच आवाजावर विश्वास बसत नव्हता.

मायनं पदरानं डोळे टिपले. “एवढ्या वर्सात हिच्या हातचं पुरं काई पाह्यलं नव्हतं. ठेवू द्या तिले नाव.”

मी बाळाच्या कानाशी वाकले, कुर्रर्र केलं आणि ‘माधव’ सांगून मोकळी झाले. इतकं हलकं वाटलं, की नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत पडणारे धपाटेही मला फुलांसारखे लागले. वंदनाचा सोडून. तो अजून थंडीत दुखतो.

संध्याकाळी मानोऱ्याकडे परत निघालो. मी मागं बसून नवऱ्याला सगळं पुन्हा सांगितलं, कारण पुरुषमंडळी बाहेर मांडवात होती आणि मुख्य पराक्रम त्यांनी पाहिलाच नव्हता. शेवटी म्हटलं, “पाह्यलं ना? तुमी नेहमी बोलता मले. झालं का नाही एक तरी पुरं?”

त्यांनी गाडी जरा हळू केली. मग पुढं बघतच म्हणाले, “झालं न. बाकीचेबी असेच पुरे करून टाकू. दुसरं टोक मी ओढतो.”