पिशवीचा टाका

आमच्या कवठे महांकाळकडं गर्भाशयाला कुणी गर्भाशय म्हणत नाही. पिशवी म्हणतात. पिशवी सुजली, पिशवी खाली आली, अमकीची पिशवी काढली. त्यामुळं साताऱ्याच्या डॉक्टर मॅडम जेव्हा म्हणाल्या, "तुमच्या पिशवीचं तोंड सैल आहे, टाका घालावा लागेल," तेव्हा मला सगळं कळलं आणि काहीच कळलं नाही. टाका मला ठाऊक होता तो पोत्याचा, नाहीतर फाटलेल्या परकराचा. जिवंत बाईच्या आत, मूल वाढतंय त्या जागी, टाका कसा घालणार?

माझी आधीची दोन्ही बाळं पाचव्या महिन्यात गेली होती. फारसं दुखलंही नव्हतं. हातातलं भांडं निसटावं तशी गेली. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि मी आनंद करायलाच घाबरत होते.

मॅडमनी डाव्या हाताची मूठ वळली आणि अंगठ्याकडच्या भोकाभोवती उजव्या हाताचं बोट फिरवलं. "बटव्याला नाडी असते ना? तशी तोंडाच्या कडेकडेनं सुई न्यायची, ओढून गाठ मारायची. दिवस भरत आले की गाठ सोडायची. तोवर बाळ आत."

मी त्या मुठीकडं बघत राहिले. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला हे असं मुठीनंच सांगावं लागतं, आणि त्यांनी ते सांगितलं, याचे उपकार मला अजून वाटतात.

टाका घातला. बादली उचलायची नाही, उकिडवं बसायचं नाही, एसटीनं लांब जायचं नाही. म्हणजे माहेर बंद. तसंही माहेर एका जागी नव्हतंच. आईबाप मेंढरं घेऊन नदीकाठच्या रानांत उतरले होते. आज या शेतात, चार दिवसांनी पुढच्या. आईच्या फोनला चार्जिंग असलं तर आवाज कानावर पडायचा. इकडं शिरवळात हायवेच्या मागं आमची एक खोली. नवरा कंपनीत पाळीवर गेला की मी कॉटवर कुशीला पडून पत्रा बघत बसायची. शिंक आली तर नाक दाबून धरायची. खोकला गिळायची. आत एक गाठ आहे आणि ती माझ्याच्यानं सुटणार, एवढंच डोक्यात.

आमच्या घरमालकीणबाईंना सगळे अक्का म्हणायचे. नदीकाठच्या जैन शेतकरी घरातल्या. पोराच्या नोकरीपायी सांगलीकडचं गाव सोडून शिरवळला आल्या. दुपारी आमच्या उंबऱ्यात बसून वाकळ शिवायच्या. वाकळ म्हणजे पुण्यामुंबईचे लोक गोधडी म्हणतात ती. दिवस मावळायच्या आत त्या जेवायच्या आणि मावळला की सुईही खाली ठेवायच्या, कारण दिव्यावर किडे येतात, एखादा हाताखाली मरायचा. रेशमाची चिंधी त्यांच्या वाकळेत कधी शिरली नाही. ते किडे उकळून काढलेलं असतं म्हणायच्या.

"तू पण सांगलीचीच की गं," त्या पहिल्यांदा म्हणाल्या.

"कवठे महांकाळची."

"मग ती कसली सांगली, दुष्काळी. तुमच्यात पावणा आला तर पान्याच्या तांब्यात दगूड टाकून देत्यात, तांब्या भरल्यागत दिसावा म्हनून."

मला हसू आलं आणि मी तोंड दाबलं.

"हास की."

"टाका तुटंल, अक्का."

"कोण म्हनलं?"

"कोन न्हाई. मलाच वाटतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या सुती पातळांचं गाठोडं आणून कॉटवर माझ्या पायाशी ठेवलं. "हात रिकामं हाईत म्हनून डोकं पळतंय तुझं. वाकळ शिवू चल."

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. मी हौसेनं सांगितलं तर आई एकदम घाबरी झाली. "पोटातल्यासाठी काय शिवू नगंस. मागल्या टायमाला टोपडं शिवलंवतंस. ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. सकाळी मी गाठोडं अक्कांकडं सरकवलं आणि कारण सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी नुसतं एक पातळ उचलून मधोमध फाडलं. "आई म्हनती तर ऱ्हाऊ दे. वाकळ नगं. पिशव्या शिवू. पिशवीला कुठली नजर लागती?"

शब्द तोंडातून गेला आणि आम्ही दोघींनी एकदमच माझ्या पोटाकडं बघितलं. पहिल्यांदा अक्का हसल्या. मग मी. पोट हलेपर्यंत हसले आणि मग भीतीनं गार पडून वाट बघत राहिले. काही झालं नाही.

पहिली पिशवी मी सगळा जीव लावून शिवली. एकेक टाका ओढून ओढून घट्ट बसवला. अक्कांनी ती उलटीपालटी केली.

"ही पिशवी हाय का सुकलेला आंबा?"

"पक्की व्हावी म्हणून ओढलं ओ."

"टाक्यानं कापड धरायचं असतंय बाई. तू नरडं दाबलंयस त्याचं." त्यांनी दोऱ्याचं एक टोक धरून सरळ ओढलं, तशी सगळी शिवण दोन दिवसांच्या कष्टासकट निघून आली. कापडावर बारीक भोकांची ओळ राहिली. "धुतल्यावर बुजत्यात. आता परत घाल. दोरा ओढून झाला की बोटानं कापड मागं सारायचं, म्हंजी ते सुखानं बसतंय."

दोऱ्याचंही तसंच. मी नवऱ्याकडून नायलॉनचा दोरा मागवला होता, कधीच न तुटणारा. अक्कांनी तो बघितला आणि घरातून एक जुना बटवा आणला. कुणीतरी असल्याच बारीक दोऱ्यानं शिवलेला. दोरा शाबूत होता. कापड मात्र त्याच्या कडेनं पात्यानं कापावं तसं चिरत गेलेलं. "मऊ कापडाला जाड, मऊ दोरा. बारीक असला म्हंजी कापत जातोय."

तेव्हापासून माझी झोप उडाली. माझ्या आत कसला दोरा आहे?

पुढच्या तपासणीला मी साडीचा पदर बोटाला गुंडाळत ते विचारलं. मॅडमनी लिहायचं थांबवलं. "हे कुणी विचारत नाही हो," म्हणाल्या. मग उठून कपाटातून एक पाकीट आणलं. त्यातला दोरा दोरा नव्हताच. पांढरी, चपटी, नाडीसारखी पट्टी होती. "ती जागा मऊ असते. बारीक दोरा तिथं कापत जाईल. म्हणून हा रुंद घेतात."

शिरवळच्या उंबऱ्यातली एक बाई आणि या दवाखान्यातली एक बाई, दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत, आणि दोघींच्या हातातलं शहाणपण एकच.

"आमच्या अक्का पण हेच म्हणतात."

"डॉक्टर आहेत?"

"न्हाई, घरमालकीण."

मॅडम हसल्या आणि मी गोळ्यांसाठी शिवलेली पिशवी त्यांनी मागून घेतली. आतून-बाहेरून बघितली. "आमचे टाके असे एकसारखे येत नाहीत," म्हणाल्या. परत येताना गाडीत मी ती पिशवी मांडीवर धरून होते.

मग मात्र मला नादच लागला. भाजीची, डब्याची, चपलांची, शेंगांची, मापट्याएवढी, मुठीएवढी. कापड जोडताना रंग कुठं कुणाशेजारी ठेवायचा याचा विचार करण्यात दुपार कुठं जायची कळायचं नाही. विटकरीशेजारी निळा ठेवला की विटकरी पेटल्यासारखा दिसतो, हे मला कुणी शिकवलं नाही. नवरा पाळीवरून आला की खिळ्यावरच्या नव्या पिशवीकडं बघायचा. "आवं अक्का, बाजार भरवायचाय का काय हिला?"

"भरवंल की. तुमाला बशीवंल गल्ल्यावर."

एक दिवस अक्कांनी आपली जुनी वाकळ धुऊन दोरीवर टाकली होती. ऊन तिरकं झालं होतं. मी दारातून सहज बघितलं आणि बघतच राहिले. जन्मापासून मी वाकळेवर निजले, वाकळ पांघरली, पण कधी बघितली नव्हती. धावदोऱ्याची ओळ एका कडेला सुरू होऊन चारी बाजूंनी आत आत वळत मधोमध येऊन थांबली होती. प्रत्येक दोन ओळींमध्ये कापड इवलंसं फुगलेलं, आणि तिरक्या उन्हात प्रत्येक फुगवट्याला स्वतःची सावली. आमच्या माळावर नांगरट झाल्यावर संध्याकाळी दिसतं तसं. एवढे हजारो टाके, आणि एकही दुसऱ्याच्या वर चढलेला नाही. आत किती पातळं, किती धोतरं, कुणाकुणाची, ती सगळी त्या टाक्यांनी एकमेकांना सोडायची नाहीत अशी धरलेली. बायका हे जेवण झाल्यावर, बोलत बोलत करतात. मला हात जोडावेसे वाटले, पण वाकळेला हात जोडताना कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं.

सातव्या महिन्यात, दुपारी, कंबर भरून आली. मग पोट दगडासारखं कडक झालं, सुटलं, परत झालं. नवरा पाळीवर. मी अक्कांना हाक मारली ती कशी मारली मला आठवत नाही. त्यांनी पोराला गाडी काढायला लावली, मागच्या सीटवर तीच वाकळ घडी करून माझ्याखाली घातली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. खंबाटकीचा घाट चढताना प्रत्येक वळणाला मला वाटायचं, आता सुटला.

"अक्का, टाका सुटला का ओ?"

"मला इथनं दिसतंय व्हय? गप पड. वर बघ."

"कापड चिरलं तर?"

त्यांचा तळहात माझ्या कपाळावरून फिरायचा थांबला नाही, आणि ओठांतला णमोकार मंत्र मधेच चुकत होता. मला पहिल्यांदा कळलं की त्या पण घाबरल्यात.

साताऱ्यात मॅडमनी तपासलं. किती वेळ तपासलं कुणास ठाऊक. मी छताकडं बघून नुसता श्वास धरला होता.

"टाका आहे तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "ताण आलाय त्याच्यावर. पण धरलंय त्यानं."

धरलंय त्यानं. एवढीशी पट्टी, आणि तिच्यावर आख्खं मूल, त्याचं पाणी, माझी रात्रंदिवसाची भीती. मी रडले नाही. देवळात गाभाऱ्यापाशी आल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं काहीतरी झालं. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत पोट मऊ पडलं. नवरा धावतपळत डबा घेऊन आला तोवर दिवस मावळला होता. अक्कांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"आवं अक्का, आजच्या दिवस तरी दोन घास."

"सकाळी खातो की मी." सांगलीकडच्या बायका खातो, जातो असंच बोलतात. तेवढं एक ऐकून मला घरी असल्यासारखं वाटलं.

थोडे दिवस दवाखान्यात ठेवून मला घरी सोडलं. त्यानंतरचे आठवडे मी पिशव्याही शिवल्या नाहीत. सुई हातात धरवत नव्हती. पडून राहिले. नववा लागला तेव्हा मॅडमनी टाका काढला. मी दाखवा म्हटलं. स्टीलच्या ट्रेमध्ये बोटाच्या पेरापेराएवढे मळकट तुकडे पडले होते. नर्सनं ट्रे उचलला तरी मी मान वळवून बघत होते.

सगळे म्हणत होते टाका काढला की लगेच होईल. पोरगी मात्र आणखी आठवडाभर आतच बसून राहिली, आणि मग आली ती ओरडतच. मॅडमनी तिला माझ्या छातीवर ठेवलं. ओली, गरम, आणि जड. जड होती, हेच मला खरं वाटेना.

आईला फोन लावला तर पलीकडं नुसती मेंढरं ऐकू येत होती.

"रडली का?" आईनं विचारलं.

"रडली. आता निजलीया."

"नाकापाशी धर फोन."

मी धरला. पलीकडं आईनं कुणाला तरी दबक्या आवाजात गप बसवलं. मग म्हणाली, "आता वाकळ शिवा म्हणावं अक्कास्नी."

दवाखान्यातून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांनी फरशीवर पातळं अंथरली. एकावर एक, चारी कोपरे ताणून, हातानं सुरकुत्या काढत. मी मूल मांडीवर घेऊन कॉटवरून बघत होते. कापड या भिंतीपासून पार दारापर्यंत गेलं. एवढ्याशा जिवासाठी एवढं मोठं काही मांडू नये असं वाटायला लागलं.

"अक्का, दुपट्याएवढंच करूया की. केवढीशी हाय ती."

"आन उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

"लेकराचं पाय बाहीर आल्यावर मला हुडकायला येनार का मग? दहावीपतोर पुरली पायजे वाकळ."

"दहावीपतोर," मी म्हटलं. मला ते हळूच एकदा बोलून बघावंसं वाटलं.

"मग काय तुझ्यागत आठवीतच काढतीस शाळेतनं?" त्यांनी सुई तोंडात धरली, विचार केला, आणि दाराकडची कड आणखी हातभर बाहेर सरकवली. "थांब. तुमी धनगर उंच असता. पंधरावीपतोर धरू."

नवरा दारात चपला काढायला आला तर पाय ठेवायला जागाच नव्हती. तो तसाच बाहेर उभा राहिला. अक्कांनी दोऱ्याला गाठ मारली आणि पहिला टाका घालायला मला खाली बोलावलं.