चांदणी न लावलेलं घर

काटोलला पुष्पलता तायडेला कुणी कधी "तुम्ही कोण?" असं विचारलं नव्हतं. चर्चमध्ये बायकांच्या बाजूला तिसरा बाक, त्याचं भिंतीकडचं टोक तिचं. तिच्या आधी तिथे तिची सासू बसायची. नवरा शांतवन मंडळीचा पंच होता, रविवारची घंटा तोच वाजवायचा. पुष्पलता घरी शिवणाचे क्लास घ्यायची आणि गावातल्या कितीतरी ख्रिस्ती मुलींचे लग्नाचे पांढरे पोशाख तिच्याच मशीनवर शिवले गेले होते.

उन्हाळ्यात शांतवन गेला. पाऊस सुरू होण्याआधी मुलगा उन्मेष तिला शहराच्या कडेच्या बेसाला घेऊन आला. तो बुटीबोरीला कारखान्यात होता आणि दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट त्यानं नुकताच घेतला होता. शिवणयंत्र खिडकीपाशी ठेवलं गेलं. खिडकीतून समोरच्या अर्धवट इमारतीच्या सळया दिसायच्या.

पुष्पलताला दुसरं काही नको होतं. रविवारी जाऊन बसायला एक चर्च हवं होतं, आणि तिथे एखाद्या रविवारी आपण नसलो तर "आज तायडेबाई दिसल्या नाहीत" असं म्हणणारं कुणीतरी.

पहिलं चर्च शहराच्या मध्यभागी होतं. दगडी, रंगीत काचांचं, उपासना इंग्रजीत. तिथे उठण्याबसण्यात ती प्रत्येक वेळी इतरांच्या जरा मागे राहायची. दुसरं एका हॉलमध्ये भरायचं. ड्रम, मोठे स्पीकर, पडद्यावर गाण्यांचे शब्द. तिथल्या बायकांनी तिला घट्ट मिठ्या मारल्या, पण नाव विचारलं नाही. तिसरं रिंगरोडच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराचं, अंगणात बदामाचं झाड असलेलं. आत मराठी उपासना आणि जुनी हार्मोनियम. पहिलंच गीत सुरू झालं तशी पुष्पलता आपोआप खालच्या पट्टीतली दुसरी चाल धरून गाऊ लागली. काटोलच्या बायका असंच दोन चालींत गायच्या. पुढच्या बाकावरच्या दोघींनी मागे वळून पाहिलं. पुष्पलता गप्प झाली, पण तिनं मनाशी ठरवलं, हेच.

प्रश्न जाण्यायेण्याचा होता. उन्मेषची रविवारी ड्यूटी असायची. तेव्हा पहिल्या मजल्यावरची दामिनी म्हणाली, "काकू, मी चाललीच आहे बाजारात. बसा मागे. येताना घेऊन जाईन."

दामिनी उमरेडकडच्या शेतकरी घरातली. नवरा पियुष उन्मेषच्याच कारखान्यात, मुलगी पिंकी दुसरीत. घरात गणपती, महालक्ष्मी सगळं साग्रसंगीत. तिच्याकडे एक लाल मोपेड होती आणि न थकणारी जीभ होती.

पहिल्या रविवारी दामिनी भाजीच्या पिशव्या घेऊन बदामाच्या झाडाखाली थांबली. उपासना सुटली की इथल्या बायका अंगणात चहा करत. महिला मंडळाच्या एस्तेरबाई, मंडळीतल्या सगळ्यांत वयस्क, गुडघे धरत पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी तिला पाहिलं.

"अवं पोरी, उन्हात काहून उभी? ये, चहा घे."

दामिनी गेली. पुढच्या रविवारी ती चहा गाळत होती. त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी स्वस्तात संभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन आली. गणपती येईपर्यंत तिला कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे, उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना चहात साखर किती लागते, हे सगळं ठाऊक झालं होतं.

"दामिनी, पुढच्या वेळी वांगे आणजो वं. काटेरी."

"आणते ना, आजी. पण मंग भाजी मले पण पाठवजा."

सगळ्या हसायच्या. मग कुणाला तरी आठवण व्हायची आणि पुष्पलताकडे वळून म्हणायचं, "सलाम, ताई. बरं आहे ना?" ती "बरं आहे" म्हणेपर्यंत मान परत दामिनीकडे वळलेली असायची.

एके दिवशी जिन्यात दामिनीनंच मंडळीतल्या बायकांसारखा हात उंचावून म्हटलं, "सलाम, काकू!" पुष्पलताला कुणीतरी आपलं लुगडं नेसून समोर आल्यासारखं वाटलं.

तिला हे कुणाला सांगता येईना. काय सांगणार? की जिला आमेन कुठे म्हणायचं ते माहीत नाही, तिच्यासाठी लोक कप विसळून ठेवतात? की मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती, आणि माझी ओळख काय, तर दामिनीच्या गाडीवर मागे बसून येते ती? दामिनीला तिथून काहीही नको होतं. आणि ज्याला काही नको असतं त्याला लोक किती सहज देऊन टाकतात.

एका रविवारी ती दामिनीला न सांगता लवकर निघाली आणि ऑटोनं गेली. उपासनेनंतर अंगणात सावकाश उभी राहिली. आज कुणी बोलेल, असं वाटलं. तेवढ्यात फाटकातून लाल मोपेड आली.

"काकू! अवो, मी तुमच्या दाराची घंटी वाजवून राहिली, वाजवून राहिली! मले वाटलं, पडल्या का काय बाथरूममध्ये!"

सगळ्यांनी पुष्पलताकडे पाहिलं. एस्तेरबाई म्हणाल्या, "सांगून यावं ना, बाई. पोरीचा जीव किती वरखाली झाला." आणि दामिनीच्या हातात गरम चहा दिला.

डिसेंबरात चर्चच्या दाराशी कागदी चांदण्या विकायला आल्या. पिंकीनं हट्ट धरला आणि पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत लाल चांदणी लागली, आत बल्ब. "पिंकीले लय आवडली," दामिनी म्हणाली. "तुमची कवा लावता, काकू?"

"बघू," पुष्पलता म्हणाली.

काटोलच्या मंडळीची एक रीत होती. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं असेल त्या घरानं पहिल्या नाताळाला आपल्या हातानं चांदणी लावायची नाही. नाताळची गाणी म्हणत फिरणारे लोकच ती घेऊन येतात. मंडळीतलं सगळ्यांत वयस्क माणूस ती टांगतं, मग दारात गाणं होतं, आणि त्या घराला पुन्हा सण करायची मोकळीक मिळते. हे मागायचं नसतं. पुष्पलताची सासू गेली तेव्हा शांतवन दार उघडं ठेवून संध्याकाळभर उंबऱ्यात उभा होता, आणि लोक आले होते.

तिनं उन्मेषकडून बाल्कनीत एक खिळा ठोकून घेतला. करंज्या तळल्या. नाताळच्या आधीच्या रविवारी गाणी म्हणणारे बेसात येणार होते. दुपार कलली तशी तिनं निळ्या काठाची पांढरी साडी नेसली आणि दार उघडं ठेवलं.

दिवेलागणीला गल्लीत ढोलकी ऐकू आली. मग फाटक वाजलं. मग जिन्यात पावलं, खोकला, पोरांचं खिदळणं. पावलं एक मजला चढली. थांबली.

खाली दामिनीचं दार उघडलं. "या, या! चपला राहू द्या!"

आणि गाणं खालीच सुरू झालं.

पुष्पलता बाल्कनीत गेली. खालच्या चांदणीचा लाल उजेड तिच्या कठड्याच्या कडेला लागला होता, वर येत नव्हता. माझं गाणं आहे हे, तिला वाटलं. माझ्या सासूचं, शांतवनचं. आणि ते गणपतीच्या देव्हाऱ्यासमोर बसून म्हणतायत, कारण तिथे दामिनी आहे. तिनं आत येऊन दार लावून घेतलं. करंज्यांच्या डब्यावर झाकण दाबून बसवलं.

थोड्या वेळानं घंटी वाजली. दारात दामिनी, धापा टाकत.

"काकू, सगळे खाली बसून राहिले अन् तुम्ही दार काहून लावलं?"

"माझं काय काम तिथं? तुझ्याकडे आले ना ते."

"माझ्याकडे म्हंजे?"

"तुझ्याकडेच. तुले सगळे ओळखतात. मले कोण ओळखते? दामिनीच्या गाडीवरची म्हातारी!"

दामिनी कधी नव्हे इतकं हळू म्हणाली, "मी त्यायले म्हटलं, आधी वर चला. तर एस्तेरआजी म्हणे, वर चांदणी नाही लावली, म्हंजे बाईले औंदा गाणं नको असन. दुखवट्याच्या घरात बोलावल्याबिगर कसं जायचं? खालीच म्हणू, तिले ऐकू जाईन. म्हणून दार उघडं ठेवलं मी."

"आमच्यात चांदणी मंडळी आणते," पुष्पलता म्हणाली. "पहिल्या वर्षी घरानं लावायची नसते."

"मंग हे त्यायले सांगितलं तुम्ही?"

"ते सांगायचं नसते."

"मंग त्यायले कसं समजन, काकू? थांबा, मी सांगून येते." ती जिन्याकडे वळलीसुद्धा.

"थांब!"

आवाज इतका मोठा निघाला की खालचं बोलणं क्षणभर थांबलं. हेही दामिनीच्या तोंडून गेलं असतं. शांतवनचं दुःखसुद्धा. पुष्पलतानं करंज्यांचा डबा उचलला. "मी सांगते," ती म्हणाली आणि दामिनीला बाजूला करून पुढे झाली.

ती खाली पोचली तेव्हा दुसरं गाणं सुरू झालं होतं. चटईवर दाटीवाटीनं बसलेले लोक, देव्हाऱ्यातली समई, ढोलकीवाल्याच्या मांडीला टेकलेली पिंकी. पुष्पलता उंबऱ्यात उभी राहिली आणि खालच्या पट्टीत गाऊ लागली. चर्चमधल्या पुढच्या बाकावरच्या त्या दोघींनी वळून पाहिलं, पहिल्या रविवारी पाहिलं होतं तसंच. या वेळी ती थांबली नाही. दुसऱ्या कडव्याला त्यातल्या एकीनं तिची चाल धरायचा प्रयत्न केला, चुकली, पुन्हा धरली.

गाणं संपल्यावर पुष्पलतानं डबा खाली ठेवला.

"एस्तेरबाई, माझ्या घरी चांदणी लावायला कोणी आलं नाही." विनंती करायची म्हणून ती आली होती, तोंडातून निघाली ती तक्रार. मग तिनं रीत सांगितली. शांतवनचं नाव घेऊन सांगितली.

एस्तेरबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं बाई! आम्ही इकडं तुह्या दुःखाचा मान ठेवून राहिलो, अन् तू तिकडं दार उघडून बसली! तुह्या काटोलची रीत आमच्या स्वप्नात येणार होती काय?"

हशा पिकला. पुष्पलताही हसली, जरा उशिरानं.

जास्तीची चांदणी कुणाकडे नव्हती. दामिनीनं आपल्या बाल्कनीतली काढली. पिंकीनं ओठ काढला. "पण परत द्यायची!"

सगळे वर आले. वयस्क एस्तेरबाईच, पण त्यांनी स्टुलाकडे पाहून मान हलवली. "माह्या गुडघ्यानं नाही होत. मी हात लावून देते. दामिनीले चढू द्या, उंच आहे पोरगी."

पुन्हा दामिनी. पुष्पलतानं स्टूल धरलं. दामिनी चढली, हात उंच करून खिळा चाचपू लागली, आणि सगळी मंडळी माना वर करून तिच्याकडे कौतुकानं पाहू लागली. स्टूल किंचित हललं.

"काकू, धरा ना!"

"धरलं आहे," पुष्पलता म्हणाली आणि या खेपेला खरंच घट्ट धरलं.

चांदणी लागली. बल्ब पेटला तेव्हा दारात गाणं झालं, आणि खालची चाल आता पुष्पलता आणि ती धरू पाहणारी बाई, अशा दोघींच्या आवाजात होती.

नाताळच्या सकाळी चर्च भरलं होतं. पिंकीला बाळ येशूचा पाळणा पाहायचा होता, म्हणून दामिनीही आत आली. एस्तेरबाईंनी पुढून हात केला. "दामिनी, इकडं ये वं, माह्यापाशी बस."

दामिनी निघालीच होती. पुष्पलतानं तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"ती माझ्यासंगं आली आहे," ती एस्तेरबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि भिंतीकडे सरकून तिनं बाकावर दोघींपुरती जागा केली.