मावशीने पास केलेला दवाखाना

जिते गावच्या मावशीचा डावा गुडघा पेणमधल्या झाडून सगळ्या डॉक्टरांनी पाहिला होता. लेक रोह्याला दिलेली, त्यामुळे तिकडच्याही चार-दोन जणांना ते भाग्य लाभलं होतं. गंमत म्हणजे त्या गुडघ्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. दुखायचा तो उजवा. नवीन डॉक्टर आला की मावशी त्याच्यासमोर डावा पाय लांब करायची, "लय दुकतंय वो" म्हणून कण्हायची आणि तो काय करतो ते बघत बसायची. बोटसुद्धा न लावता गोळ्या लिहून दिल्या की डॉक्टर नापास. मग तो कुठे शिकून आलाय, दवाखान्याला काच लावलीय की पडदा, याची चौकशी करायचं कारणच उरायचं नाही.

आमच्या आप्पांचीही अशीच परीक्षा झाली होती. आप्पा म्हणजे माझे वडील. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. एकच खोली, मधे हिरवा पडदा, बाहेर एक लांब बाक. मावशी पहिल्यांदा आली तेव्हा आप्पांनी तिचा गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, त्यावर तळहात ठेवून पुन्हा वाकवला आणि म्हणाले, "मावशी, हा गुडघा माझ्या गुडघ्यापेक्षा धड आहे. दुखतोय तो दाखवा." मावशी जी खदखदून हसली! पुढच्या आठवड्यापासून अर्धं जिते आमच्या बाकावर येऊन बसायला लागलं. आप्पांच्या भिंतीवर पदवीचं प्रमाणपत्र होतं, पण त्यांचा दवाखाना चालला तो मावशीने पास केलं म्हणून.

मावशी कुणाची मावशी, हे विचारण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांचीच. माहेर धरमतर खाडीकडचं, मिठागरात राबणाऱ्यांचं. सासरी भातशेती. उंचीने बेताची आणि आवाज असा की शेताच्या त्या टोकाला काम करणारा माणूस जेवायला यावा. गावात कुणाला ताप आला, कुणाचं पोट धरलं, की मावशी त्याला गाडीत घालून पेणला आणायची आणि त्याच्याबरोबर पडद्याच्या आत घुसायची. "मी आनलाय, मी बसनार," एवढंच बोलायची. आप्पांनी एक स्टूल तिच्यासाठी ठेवूनच दिलं होतं. आप्पा पेशंटला विचारायचे, काल काय खाल्लं? पेशंट म्हणायचा, वरणभात. की स्टुलावरून आवाज यायचा, "जवळा खाल्लान पोट फुटंस्तवर! खोटं बोलतोय, डॉक्टर."

बाहेर आल्यावर मात्र ती बाकावर बसून निकाल लावायची. तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. आलेल्या प्रत्येकाला इंजेक्शन देणाऱ्या एका डॉक्टरबद्दल ती म्हणाली होती, "आल्यागेल्याला सुई. मानूस हाय का गोधडी?" एकाने एसी बसवला, तर म्हणाली, "थंडीतापाचा मानूस नेला आसता तर तितंच कुडकुडून मेला आसता." आप्पांनाही तिने सोडलं नव्हतं. आप्पांचं अक्षर, आप्पांचं उशिरा येणं, गणपतीच्या दिवसांत आप्पांचं लक्ष दवाखान्यात कमी आणि समोरच्या कारखान्यातल्या मूर्तींकडे जास्त असणं, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. आप्पा आत हसत बसायचे. तिच्या शिव्या त्यांना आवडत होत्या असंच मी म्हणेन.

तिचे निकाल चुकायचेही, बरं का. रोह्याचा एक डॉक्टर तिने केवळ तो वसकन अंगावर येतो म्हणून बाद केला होता. पुढे त्यानेच तिच्या लेकीच्या सासूचा आजार नेमका ओळखला आणि बाई वाचली. मावशी लेकीकडून परत येताना वाटेत पेणला उतरली, थेट आमच्या दवाखान्यात आली आणि भरल्या बाकासमोर म्हणाली, "चुकले गो बायांनो. त्याचं तोंड वाईट हाय, पन हात देवाचा हाय. जावा त्याच्याकडं." असं तोंडावर सांगायला जिगर लागते. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ती अजून पाहिलेली नाही.

आता आप्पांच्या कानांकडे येते. म्हातारपणी त्यांना ऐकू येणं कमी कमी होत गेलं. घरातल्या टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आई कावून म्हणायची, "अहो, बातम्या आपल्यासाठी लावल्यात की अख्ख्या पेणसाठी?" मी कानाच्या मशीनचा विषय काढला की आप्पा ताटावरून उठायचे. दवाखाना मात्र चालूच होता. पेशंट जरा मोठ्याने बोलायचे, आप्पा जरा पुढे झुकायचे, आणि सगळं ठीक चाललंय असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एक दिवस शाळा सकाळची होती, म्हणून दुपारी आप्पांचा डबा मी घेऊन गेले. बाक रिकामा झाला होता. मावशी तेवढी बसली होती, एकटी, बरोबर पेशंट नाही. मला म्हणाली, "तू बी ये गो आत. घरातलं कुनीतरी पायजेल." आत येऊन ती आपल्या स्टुलावर बसली नाही. पेशंटच्या खुर्चीत बसली.

"डॉक्टर, विलासला आनलावता ना परवा?" विलास म्हणजे तिच्या जावेचा मुलगा, कंपनीत शिफ्टला जाणारा. "छातीला नळी लावलीत. म्हनालात, साफ हाय."

"हो. खोकल्याचं औषध दिलं होतं. थांबला का?"

"मी स्टुलावर बसलेवते. मना हितून त्याची छाती वाजताना ऐकू येत होती. शिट्टीवानी. तुमाला नाय आली."

 मावशी पुढे बोलतच होती. तिने विलासला तिथून तसाच एसटी स्टँडजवळच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेला होता. बाईंनी छातीचा फोटो काढला, न्यूमोनिया निघाला, त्याच दिवशी त्याला पनवेलला भरती केलं.

"आता कसा आहे?" आप्पांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच. त्या एका प्रश्नासाठी मी माझ्या बापाला शंभर अपराध माफ करीन.

"बरा हाय. टायमावर गेला."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "त्या दिवशी बाहेर टेम्पो चालू होता, मावशी. त्या आवाजात..."

"टेम्पो नवता, डॉक्टर." मावशीचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. मग तिच्या लक्षात आलं असावं, तिने खुर्ची पुढे ओढली आणि आप्पांच्या कानाशी वाकून बोलली. "तुमाला मागून हाक मारली तर ऐकू येत नाय, वरीस झालं. आमी मोट्यानं बोलतो. मानूस बोलंल हो मोट्यानं. छाती कशी मोट्यानं बोलंल?"

डबा हातात घेऊन मी भिंतीला टेकून उभी होते. मावशीने पदराने डोळे पुसले. "रागवू नका. आमच्या गावाला हितं मीच आनला. आता मनाच न्यायला लागनार. भायेर बाकावर बोलले नाय, तुमच्या तोंडावर बोलले. गावात सांगीन, डॉक्टर आता आराम करनार हायेत. दुसरं अक्षर माज्या तोंडातून निघायचं नाय."

ती गेली. आप्पांनी डबा उघडलासुद्धा नाही. घरी आल्यावर आईला म्हणाले, "तिला काय कळतं? चार बुकं तरी शिकलीय का?"  मला मावशीचा राग आला होता आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, दोन्ही एकदमच. इतकी वर्षं माझ्या बापाने ज्यांची पोरं बरी केली, त्यांनी त्याला असं उठवावं? आणि न उठवून विलास गेला असता तर? रात्रभर हेच डोक्यात.

पुढे काही दिवसांनी आप्पा स्वतःच म्हणाले, पनवेलला कान दाखवून येऊ. मशीन बसलं. बोलणं चांगलं ऐकू यायला लागलं. घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं, मशीन काढून स्टेथोस्कोप कानात घातला. "श्वास घे. सोड. परत घे." मग मशीन लावून पुन्हा तेच, नळी जमेल तशी त्याला भिडवून. बराच वेळ ते ऐकत राहिले. शेवटी नळी गळ्यातून काढली, घडी घालून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "नाही येत." महिनाअखेरीला दवाखाना बंद झाला. जुने पेशंट घरी आले की आप्पा त्यांना नव्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचे. का बंद केला असं कुणी विचारलं की म्हणायचे, वय झालं. मावशीने गावात सांगितलं होतं तेच तेही सांगत राहिले.

मावशीचं येणं काही थांबलं नाही. पेणला आली की ओट्यावर बसायची, वालाच्या शेंगा नाहीतर सुकट पुढे करायची. आप्पा पहिल्या खेपेला तिच्याशी तुटक बोलले. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "काय म्हणतात तुमच्या नव्या डॉक्टरीणबाई?" मावशी म्हणाली, "घाईत आसते. पन शिकंल." मग दोघं हसले आणि तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

गेल्या माघात मावशी गेली. शेतावरून आली, पाणी प्याली, जरा पडते म्हणाली ती उठलीच नाही. कुठल्याच डॉक्टरला दाखवायची वेळ आली नाही. ऐकल्यावर आप्पा कितीतरी वेळ ओट्यावर तिच्या जागेशेजारी बसून होते. बाप रडतोय हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तेराव्याला आम्ही जित्याला गेलो. आप्पांना पाहून मांडवातली माणसं उठून उभी राहिली. विलासने खुर्ची आणली, पाया पडला. जेवणं उरकत आली तेव्हा एक तरुण बाई लहान मुलीला कडेवर घेऊन आली. "डॉक्टर, हिची छाती भरलीय वाटतं. जरा बगता का? तुमी नुसता हात लावलात तरी पुरे."

सगळे कौतुकाने बघायला लागले. आप्पांनी मुलीच्या कपाळाला हात लावला, तिच्या पाठीवर तळवा ठेवला. मला वाटलं, आता वेळ निभावून नेतील, दोन गोड शब्द बोलून पाठवतील. पण आप्पा उठून उभे राहिले आणि बहिऱ्या माणसाचा असतो तशा चढ्या आवाजात, सबंध मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझे कान गेलेत, बाई. मला छाती ऐकू येत नाही. म्हणून मी दवाखाना बंद केला. मावशीला ठाऊक होतं, तिने तुम्हाला सांगितलं नाही. हिला आत्ता पेणला न्यायची. आत्ता."

 विलासने मान खाली घातली. मी गाडी काढली. मायलेकी मागे बसल्या, आप्पा माझ्या शेजारी. मुलगी वाटेत खोकत होती. घाईगडबडीत आप्पांचं मशीन कानातून निसटून मांडवातच पडलं होतं, त्यांना काही ऐकू येत नव्हतं. पेण येईपर्यंत ते मागे वळून वळून तिच्या तोंडाकडे बघत होते.